ताईचं सामान आणि पांढरा रंग

त्या उन्हाळ्यात सकाळी उठलं की आमच्या घरात एकच आवाज कानावर यायचा, लाकडावर पॉलिश पेपर घासल्याचा. कागद नवा असला की खर्र खर्र असा मोठा, झिजला की बारीक, आणि मधून मधून बाबांचा खोकला. उस्मानपुऱ्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याचं छप्पर टाकलेलं अंगण. त्या छपराखाली ताईचं सामान मांडून ठेवलेलं होतं, पलंग, दोन दारांचं कपाट आणि आरशाचं टेबल. घासताना लाल भुकटी उडायची. ती आईच्या केसांवर बसायची, दोरीवरच्या कपड्यांवर, माठावरच्या झाकणीवर, आणि भाकरी कितीही फडक्यात गुंडाळून ठेवली तरी दाताखाली कचकच यायचीच. शेजारच्या शकिलाखाला भिंतीवरून डोकावून एकदा म्हणाल्या, "क्या भाभी, मिरच्यां कूट रै क्या?" एरवी आईनं हसून काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ती नुसतीच बघत राहिली आणि खाला बिचाऱ्या ओशाळून भिंतीआड गेल्या.

हे सामान लाल केलं होतं तेही बाबांनीच. ताई म्हणजे माझी थोरली बहीण सुनंदा. तिचं लग्न ठरलं तेव्हा सुताराकडून कोरं सागवानी सामान घरी आलं आणि बाबांनी पॉलिशवाल्याला त्याला हातसुद्धा लावू दिला नाही. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. दिवसभर फायलींत मान घालून बसलेल्या या माणसाला हातानं काहीतरी करायची भारी हौस होती. घरातली स्टूलं, खुंट्या, देवळीत ठेवायच्या फळ्या सगळं त्यांनीच केलेलं, आणि सगळं थोडं थोडं वाकडं. पण ताईच्या सामानाला मात्र त्यांनी जीव लावला. पुडीतला महागनी रंग स्पिरिटमधे कालवायचा, कापसाचा बोळा मऊ फडक्यात बांधायचा आणि लाकडाच्या रेघेरेघेनं फिरवायचा. कोरं लाकूड तो रंग तहानलेल्यासारखं पिऊन टाकायचं. "बघ बघ, कसं आत ओढतंय," असं म्हणून बाबा आम्हा दोघींना बोलवायचे. ताई कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "बाबा, लाकूड रंगवताय का स्वतःला?" कारण त्यांची बोटं मनगटापर्यंत लाल झाली होती आणि रॉकेलनंही तो रंग निघेना. लग्नात बुद्धवंदनेला सगळे उभे राहिले, सगळे पांढऱ्या कपड्यांत, ताई पांढऱ्या साडीत, आणि जोडलेल्या हातांमधे बाबांचे तेवढे लाल. ताईनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते मला दाखवलं आणि आम्ही दोघी ओठ आवळून हसू दाबत राहिलो. माझ्या नातवाच्या घरी हल्ली पुठ्ठ्याच्या खोक्यातून कपाट येतं, स्क्रू पिळले की उभं राहतं. छान असतं, हलकं असतं. पण त्याला वास नसतो, आणि ते कुणाच्या बोटांना लागत नाही.

ताई कन्नडला दिली होती. जिजाजी साखर कारखान्यात कामाला, स्वभावानं गरीब, आईच्या शब्दाबाहेर न जाणारे. सासूबाईंचा घरावर वचक होता, पण त्या दुष्ट होत्या असं मी आज म्हणणार नाही. ताईला मुलगी झाली, प्रज्ञा. ती रांगायला लागली आणि ताईला कावीळ झाली. ती तिनं अंगावर काढली, घरच्यांनी झाडपाला केला, आज बरं वाटेल उद्या बरं वाटेल करत दिवस घालवले. इथं दवाखान्यात आणली तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि ती आम्हाला नीट ओळखत नव्हती. मी तिच्या उशाशी बसले होते. तिनं माझा हात धरून "प्रज्ञाचं दूध तापवलं का?" असं विचारलं. मी तापवलं म्हणून सांगितलं. त्यानंतर ती बोललीच नाही.

ताई गेल्यावर पोरगी काही महिने आमच्याकडे होती. ती आली म्हणून आई जगली असं मला वाटतं. आई तिला मांडीवर घेऊन ज्वारीच्या कण्या दुधात मऊ करून भरवायची, आणि भरवता भरवता रडायची, आणि पोरगी आईच्या गालावरचं पाणी बोटानं पुसून ते चाटायची. रात्री ती माझ्याजवळ झोपायची. मला माऊ म्हणायची. मग एक दिवस जिजाजी आले आणि मान खाली घालून म्हणाले, "आई म्हणती, आमच्या घरची पोर आमच्या घरी पाहिजे." बाबांनी वाद घातला नाही. आईनं पोरीची झबली घडी करून पिशवीत भरली. पोरगी बापाच्या खांद्यावरून हात हलवत गेली, कुठंतरी फिरायला निघाल्यासारखी.

त्यानंतर उन्हाळा लागता लागता एक टेम्पो दारात उभा राहिला. मागं ताईचं सगळं सामान, सुतळीनं बांधलेलं, आणि पुढं ड्रायव्हरच्या शेजारी ताईच्या सासूबाई. सामान उतरवून झालं. आई त्या लाल पलंगाकडे बघत भिंतीला टेकून उभी राहिली, तिला आत येववेना. सासूबाईंनी चहा घेतला आणि मग बशी खाली ठेवून सावकाश बोलल्या.

"सामान परत केलं असं समजू नका विहीणबाई. तुमचंच हाय, तुमच्याच दुसऱ्या लेकीचं हाय. पण ह्या रंगात ते माझ्या दारी पुन्हा नको. लोकं म्हनतील, मेलेलीच्या पलंगावर धाकटीला बसवली. रंग बदला, नवं करा. रतन आली की पोरीला परकी माय नको आन् तुमची नातबी तुमाला परकी नको."

बाबा म्हणाले, "बघू."

आईनं तोंडाला पदर लावला. तिनं नाही म्हटलं नाही.

रतन म्हणजे मी. बोलणं माझ्याबद्दल चाललं होतं आणि मला फक्त कपबशा आत न्यायला सांगितलं गेलं. मोठी गेली की तिच्या जागी धाकटी द्यायची, ही गोष्ट तेव्हा आमच्यात कुणाला फार वेगळी वाटायची नाही. लेकराला सख्खी मावशी मिळते, दोन घरं तुटत नाहीत, सगळ्यांच्या सोयीचं. मी नुकतीच बारावी झाले होते, नर्सिंगचा अर्ज आणायचं मनात होतं. मोरीत कपबशा विसळताना मला ताईची आठवण येत होती, पोरीची येत होती, आणि जिजाजींचा चेहरा काही केल्या नीट आठवत नव्हता. त्यांच्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. ते ताईचे होते.

रंग कोणता, यावर चर्चा झालीच नाही. आई म्हणाली, "पांढरा." आमची लग्नं पांढऱ्यात लागतात, म्हणून सामानही पांढरं, एवढाच तिचा हिशोब. चॉकलेटी सांगितला असता, गडद हिरवा सांगितला असता, तर पुढचं सगळं वेगळं घडलं असतं. लाल लाकडावर पांढरा रंग म्हणजे काय, ते तिला माहीत नव्हतं, आणि पहिल्या दिवशी बाबांनाही नव्हतं.

आधी घासायचं काम. बाबा ऑफिसातून आले की जुनी बनियन घालून बसायचे आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. मी कपाटाच्या दारांना कागद मारायची. आईनं स्वतःसाठी एकच जागा ठेवली होती. पलंगाच्या उशाकडच्या फळीवर मधोमध एक काळपट गोल डाग होता. ताईला डोकं टेकून बसायची सवय होती, तिच्या खोबरेल तेलाचा तो डाग. तेलावर रंग धरत नाही, तो काढावाच लागतो. बाबांनी फडकं टर्पेंटाईनमधे बुडवलं तेव्हा आईनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. ती त्या फळीसमोर मांडी घालून बसली आणि हळूहळू पुसायला लागली. मधेच थांबून फळीला नाक लावायची. टर्पेंटाईनच्या त्या वासात तिला काय मिळत होतं कोण जाणे. डाग पुसट झाला, गेला, तरी ती पुसतच होती. शेवटी बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती उठली आणि चुलीकडे गेली. त्या दिवशी वरणात मीठ पडलं नव्हतं आणि आम्ही ते तसंच खाल्लं.

एका दुपारी आई झोपली होती. बाबा आणि मी कपाटाच्या दोन दारांना दोन बाजूंनी घासत होतो. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "रतन, तुला जायचंय का तिथं?"

मी म्हटलं, "मी नाही गेले तर प्रज्ञाचं काय होईल?"

"ते मी नाही विचारलं."

 मी घासत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते भुकटीवर पडलं की तिथं गडद लाल ठिपका उमटायचा. बाबांनी ते पाहिलं असणार. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या हातातला झिजलेला कागद काढून घेतला आणि नवा दिला.

मग प्रायमर झाला, वाळला, आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा पहिला हात बसला. संध्याकाळच्या उन्हात ते सामान असं काही उजळलं की शकिलाखाला खास बघायला आल्या आणि "माशाल्ला" म्हणाल्या. आई कितीतरी दिवसांनी पायरीवर बसून नुसती बघत होती. सकाळी मी दार उघडलं आणि बाबांना हाक मारली. पांढऱ्यातून लाल वर आलं होतं. सगळीकडे सारखं नाही. कपाटाच्या दारांवर फिकट गुलाबी, कडांना गडद, आणि पलंगाच्या फळीवर लाकडाच्या रेघांबरोबर ओघळल्यासारखं. बाबांनी बोट लावून पाहिलं, वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या. त्या दिवशी ते खरोखर चक्रावले होते, हे मी शपथेवर सांगेन. आई मागून आली आणि मटकन खाली बसली.

"सुनंदा हाय ती. वर येती माझी पोरगी."

"अगं, रंग आहे तो," बाबा म्हणाले. "स्पिरिटचा रंग. वरून ओलं लागलं की सुटतो. भलतंसलतं मनात आणू नको. आपण हे मानत नाही."

"मानत नाय म्हनून दिसायचं थांबतं व्हय?"

बाबांनी चपला घातल्या. ते दुकानात जाऊन येतो म्हणाले आणि बऱ्याच वेळानं आले. मी विचारलं, दुकानदार काय म्हणाला, तर म्हणाले, "अजून एक हात द्यावा लागेल."

तो अजून एक हात दिला. पुन्हा गुलाबी. पुन्हा घासलं, पुन्हा दिला. पुन्हा गुलाबी, जरा फिकट, पण गुलाबीच. घर टर्पेंटाईनच्या वासानं भरून गेलं. दुधाला तो वास, भाताला तो वास, आई डोकं बांधून स्वयंपाक करायची. कन्नडहून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर निरोप येत राहिले, झालं का सामान, कधी पाठवता. आई उत्तर पाठवायची, झालंच, आता वाळायचं तेवढं राहिलं. तिचं सगळं चित्त त्या वाळण्यावर होतं. निरोप्याला ती पोरीबद्दल विचारायची आणि तो म्हणायचा, परवा तापली होती, किंवा, चालायला लागली. ते ऐकून ती बाबांकडे यायची. "अहो, जरा घाई करा की. पोरगी तिथं आजारी पडती." बाबा हो म्हणायचे. पण त्यांच्या हाताला घाई नव्हती. ब्रश डब्याच्या काठावर निरपून निरपून, वरून खाली एकसारखा ओढायचे, दूर उभं राहून मान तिरकी करून बघायचे. इतकं मन लावून काम करणारा माणूस बघून शेजारपाजारचे कौतुक करत. मलाही आधी कौतुकच वाटलं. मग मला वाटायला लागलं, हे असंच चालू राहावं. सामान कधी वाळू नये.

शकिलाखालांचे मालक खिडक्या-दारांना रंग द्यायचं काम करायचे. खालांना एक दिवस राहवलं नाही. त्या अंगणात आल्या, पलंगावर बोट फिरवलं आणि आईला म्हणाल्या, "भाभी, ऐसा तो ईद आ जाती पर ये सफेद नै होता. पैले चांदीका एक हात मारो. लाली नीचेच रहती. उसके उपर सफेद मारो, फिर देखो." चांदी म्हणजे चंदेरी रंग, लोखंडी फाटकांना, पाण्याच्या टाक्यांना देतात तो. आईचा चेहरा उजळला. तिनं लगेच मला पिटाळलं. "जा, पळत जा, लहान डबा आन."

दुकानदार बाबांना चांगला ओळखायचा. मी चंदेरी मागितला तर म्हणाला, "अगं, तुझे बाबा लाली वर आली म्हणून सांगत आले, त्याच दिवशी मी दिला होता ना? एवढ्यात संपला? सगळ्या सामानाला पुरून उरेल एवढा होता तो." मी रिकाम्या हातानं परत निघाले. वाटेत उन्हानं रस्ता तापला होता, चपलेला डांबर चिकटत होतं. मला सगळं कळलं होतं. भीती होती, आनंदही होता, आणि त्या आनंदाखाली पोरीचा चेहरा होता. आईनं दारातच विचारलं, "कुठं हाय डबा?" मी म्हटलं, "दुकानदार म्हणाला, बाबांनी मागंच नेलाय."

आई आत गेली. तिनं घर शोधलं. ज्वारीच्या डब्यामागं, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, झाकणही न उघडलेला तो डबा तिला सापडला. संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुऊन बसले, आईनं चहा आणला, आणि कपाशेजारी तो डबा ठेवला.

"हे कवा आनलं?"

"मागं," बाबा म्हणाले.

"मग लावलं कामून नाय?"

बाबांनी कप उचलला नाही. "लावलं तर काम संपेल."

"संपाया नको व्हय?"

"नको." मग थोडं थांबून बाबा म्हणाले, "एक लेक मी त्या घरात दिली. माझ्या हातानं रंग देऊन, सजवून दिली. काय झालं तुला माहीत आहे. दुसरी मी देणार नाही. पहिल्या दिवशी तुला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. तू पोरीसाठी जीव टाकतेस ते मला दिसत होतं."

"आन् ती पोरगी? तिचं कोन हाय तिथं?"

"तिला मी मागून आणतो."

"ते देत्यात व्हय? आपल्या रक्ताची पोर कोन देतं?"

"मागून बघतो."

आई माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती विनवणी करत होती, आणि तेच मला सोसवेना. "तू तरी बोल की गं. तुला माऊ म्हनायची ती."

मी आयुष्यात तोवर आईला कधी नाही म्हटलं नव्हतं. "मला तिथं जायचं नाही, आई," मी म्हटलं. बोलल्यावर मला रडू आलं, पण वाक्य पूर्ण झालं होतं.  आईनं डबा उचलला, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि ज्वारीच्या डब्यामागं होता तिथं ठेवून दिला. चहा तसाच निवून गेला.

दुसऱ्या दिवशी बाबा रजा टाकून कन्नडला गेले. त्यांनी तिथं काय सांगितलं, कसं सांगितलं, ते आम्हाला कधीच पूर्ण कळलं नाही. रतन शिकणार आहे, पोरगी आम्हाला द्या, आम्ही वाढवतो, असं हात जोडून म्हणाले एवढं मात्र नंतर जिजाजींकडून कळलं. सासूबाईंनी त्यांना पाणीही विचारलं नाही. लेक देत नाही आणि नात मागतो, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या. बाबा संध्याकाळी परत आले ते थेट मोरीत गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. त्यानंतर त्यांनी कन्नडची एसटी कधी पकडली नाही. पावसाळ्यानंतर जिजाजींचं दुसरं लग्न झाल्याची बातमी आली. आमचं येणं-जाणं, निरोप, सगळं थांबलं.

आईनं बाबांशी बोलणं सोडलं. भांडण असं काही झालं नाही. त्यांचं ताट वाढायची, कपडे धुवायची, ताप आला तर उशाशी बसून पट्ट्याही ठेवायची. पण बोलायचं झालं की माझ्यामार्फत. "सांग त्यांना, पाणी तापलंय." समोर बाबा उभे असायचे. बाबाही मलाच सांगायचे, "आलो म्हणावं." मी नर्सिंगला लागले, वसतिगृहातून सुट्टीला घरी आले की दोघं आठवडाभराचं साठवलेलं बोलणं माझ्यावर रिकामं करायचे. माझ्या मागं ते घरात काय करत असतील, या विचारानं मला तिकडे झोप लागायची नाही. सामान पुढच्या खोलीत गेलं आणि तसंच गुलाबी राहिलं. आलेला पाहुणा विचारायचाच, हा कोणता रंग म्हणून, आणि तिघांपैकी कुणीतरी विषय बदलायचं. लोक म्हणतात काळ जातो तसं दुःख कमी होतं. आमच्या घरात ते कमी झालं नाही. घरातल्या वस्तूसारखं ते ठेवलेलं असायचं आणि आम्ही त्याच्या बाजूनं ये-जा करायचो.

माझं शिक्षण संपलं त्या वर्षी ताईच्या सासूबाई गेल्या. काही दिवसांनी जिजाजींचं पत्र नाही, फोन नाही, ते स्वतःच माझ्या दवाखान्यात येऊन उभे राहिले. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. म्हणाले, "आईला घेऊन या एकदा. पोरीला बघून जा." मी घरी सांगितलं तेव्हा आईनं त्याच दिवशी बेसनाचे लाडू वळायला घेतले. बाबा म्हणाले, "मी येत नाही. मला तिथं जायला तोंड नाही. तुम्ही जा." आणि मग मला बाजूला घेऊन, "तिला काय आवडतं ते विचारून ये," म्हणाले.

कन्नडला आम्ही उतरलो तर जिजाजी स्टँडवरच वाट बघत होते. घराच्या वळणावर आल्यावर ते थांबले. चपलेच्या टोकानं माती उकरत म्हणाले, "आई, एक सांगायचं राहिलं. पोरीला काही ठाऊक नाही. आता घरात आहे तीच तिची आई, असंच तिला माहीत आहे. मोठी झाली की मी सांगेन. तोवर तुम्ही... पाहुण्या म्हणून या."

मला राग आला, मी काही बोलणार होते. आईनं माझं मनगट धरलं. "व्हय," ती म्हणाली. "पाहुन्या म्हनून येतो."

पोरगी ओसरीवर वही घेऊन बसली होती. गुटगुटीत, कपाळ अगदी ताईचं. जिजाजींची बायको बाहेर आली. तिला सगळं माहीत होतं, ते तिच्या चालण्यावरून कळत होतं. तिनं वाकून आईच्या पायांना हात लावला आणि बराच वेळ ती वर उठली नाही. मग पोरीला म्हणाली, "जा, आजीपशी बस." पोरगी आली, आईच्या मांडीला टेकून बसली, लाडू खाल्ला, चांगला झालाय म्हणाली. "तुम्ही कुठल्या?" तिनं विचारलं. आई म्हणाली, "लांबच्या हाओत बाळा." पोरीनं मान डोलावली. तिची रिबीन सुटली होती. आईचा हात त्या रिबिनीकडे गेला, पण तेवढ्यात पोरगी उठली आणि "आई, हे बांध गं," म्हणत स्वयंपाकघरात पळाली. मांडीवर लाडवाचा चुरा तेवढा राहिला. आईनं तो झटकला नाही, एक एक कण वेचून तोंडात टाकला.

परतीच्या एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती रडत असेल असं मला वाटलं, पण रडत नव्हती. फुलंब्री मागं टाकल्यावर म्हणाली, "नीट ठेवलीय तिनं पोरीला." 

बाबा दारात उभे होते. सकाळपासून जेवले नव्हते, झाकलेलं ताट तसंच होतं. सवयीप्रमाणं त्यांनी मला विचारलं, "कशी आहे गं?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "बरी हाय. केस लई दाट हायेत."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी ती त्यांच्याशी बोलली होती आणि आता काय करावं हे त्यांना सुचेना. त्यांनी दाराची चौकट धरली.

"कुणावर गेलीय?"

"सुनंदावर. कपाळ, हनुवटी, समदं."

बाबांनी चौकट सोडली. मग लहान आवाजात, चूक कबूल करणाऱ्या पोरासारखं त्यांनी विचारलं, "माझं काही विचारलं का तिनं?"

मी आईकडे बघू शकले नाही. आई पायरीवर बसली, पदरानं पायावरची धूळ पुसली, आणि म्हणाली, "विचारलं की. आजोबा कामून नाय आले, म्हनली."

बाबांचा चेहरा इतका निवळला की मला तिथं उभं राहवेना. "पुढच्या खेपेला मी येतो," ते म्हणाले.

आई म्हणाली, "व्हय, या," आणि त्यांचं ताट गरम करायला आत गेली.